माझ्या आवाजातली बाई

माझा धाकटा हाकेला ओ देत नाही. सैन्यातून घरी आल्यापासून हे नवंच थेर सुरू झालंय. मागच्या खोलीत पडून असतो. मी दुकानातून हाक मारते. कापूस पिंजायचं यंत्र चालू असलं तरी माझी हाक कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत जाते, आणि ह्याला म्हणे भिंतीपलीकडून ऐकू येत नाही. येतं, न यायला काय झालं? पण उठत नाही. मग मीच उठायचं, गुडघे धरत त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. तरी हा लगेच बोलत नाही. आधी माझ्या ओठांकडे बघतो. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. ओठ हलतायत आणि आवाज त्यांतूनच निघतोय, अशी खात्री पटली की मग म्हणतो, "काय गं?" जन्म दिलेल्या आईला दारात उभी करून पारखून घेतो.

फोनचं तर नाव काढायची सोय नाही. थोरल्याचा फोन वाजला की हा भिंतीकडे तोंड करतो. आणि झोपतो कुठे, तर फरशीवर. आमचं गाद्या भरायचं दुकान आहे. निम्म्या वस्तीच्या पाठी आमच्या गाद्यांवर टेकतात, आणि मालकिणीचा पोरगा हात उशाला घेऊन उघड्या फरशीवर. गिऱ्हाइकाने बघितलं तर काय म्हणेल? म्हणेल, यांच्या गाद्यांत ढेकूण असणार.

माझ्या तोंडाबद्दल आधीच सांगून टाकते. मी फटकळ आहे. नवरा लवकर गेला, दुकान आणि दोन पोरं माझ्या गळ्यात टाकून. मी शिकलेली नाही, अक्षराला अक्षर लावून पाटी वाचते एवढंच. गोड बोलत बसले असते तर दुकान लोकांनी लुबाडलं असतं आणि पोरं उंडारली असती. म्हणून तोंड चालवलं. तोंडाने घर उभं केलं म्हणा.

तेच तोंड पुढे प्रसिद्ध झालं. एक गिऱ्हाईक गादी परत घेऊन आलं. म्हणे पाठीला गाठ लागते. मी गादीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "गाठ गादीत नाही, तुमच्या पाठीत आहे. ती सोडवायचं काम आम्ही करत नाही." थोरली सून गल्ल्यावर बसली होती. तिने ते सगळं फोनमध्ये टिपलं आणि जगाला बघायला टाकून दिलं. नाव काय दिलं, तर 'सासूबाईंची तोफ'. मी कळल्यावर तिची चांगली खरडपट्टी काढली, तर तिने तीही टिपली. मग रस्त्यात अनोळखी बाया थांबवायला लागल्या. "तुम्हीच ना त्या? काय बोलता हो!" माझा राग पळाला. त्यानंतर मी केस नीट विंचरूनच गिऱ्हाइकांना बोलायला लागले.

धाकटा तेव्हा सीमेवर होता, उंच डोंगरातल्या चौकीत. चौकीवर फोन न्यायला बंदी. पाळीपाळीने खालच्या तळावर विश्रांतीला उतरायचे, तिथे ज्याचा त्याचा फोन हातात मिळायचा. मग तो थोरल्याला फोन लावायचा. दोघा भावांचं बोलून झालं की थोरला फोन माझ्या कानाला धरायचा. मी म्हणायची, "जिवंत आहेस ना? मग ठेव. गिऱ्हाईक उभं आहे." झालं आमचं बोलणं. त्याला कळायचं, मला कळायचं. निदान मी तरी तसं धरून चालले होते.

त्याचा चौकीतला एक जोडीदार होता. त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण गळा फाटका आणि गाण्याची हौस दांडगी. एकदा सुट्टीत धाकट्याबरोबर आमच्याकडे राहायला आला. सकाळी न्हाणीघरात त्याने असा सूर लावला की मी बाहेरून कडी घातली. म्हटलं, "गाणं संपलं की सांग, मग उघडते."

आतून म्हणतो, "मावशी, अजून दोन कडवी राहिलीत."

"मग राहा तिथेच. जेवण दाराखालून सरकवते."

बाहेर आला तो पोट धरून हसत. "आम्ही चौकीत तुमच्या नकला करतो, मावशी. आज खरी तोफ अंगावर घेतली." निघायच्या दिवशी पायात बूट घालता घालता म्हणाला, "माझी आई फार मऊ आहे हो. मला कोणी ओरडतच नाही."

"परत ये," मी म्हटलं, "पोटभर ओरडीन."

परत आला नाही. चौकीचं जेवण खालच्या तळावरून जायचं. ज्याची पाळी असेल त्याने पाठीवर डबे बांधायचे आणि उजाडायच्या आत, नाल्याच्या आडोशाने वर चढायचं. त्या दिवशी पाळी गवईची होती, आणि नाल्यात कोणीतरी त्याची वाट बघत बसलं होतं. गवईला मारून तिथूनच ते पुढे चौकीकडे सरकले, पण वरच्या पोरांनी गोळीचा आवाज ऐकला होता. त्यांनी चौकी राखली. गवईला राखता आलं नाही.

धाकटा तेव्हा वर होता. त्याला कुठे खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर त्याचा फोन काढून घेतला, चौकशी लावली आणि रजेवर घरी पाठवलं. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तोही सांगेना. आम्हाला वाटलं मित्र गेला म्हणून खचलाय.

मग एका दुपारी एक अधिकारी आली. जवानांच्या फोनमधून, संगणकांतून काय आत येतं आणि काय बाहेर जातं, त्यावर नजर ठेवणाऱ्या खात्यातली. वयाने माझ्या सुनेएवढी, गणवेश कडक इस्त्रीचा. मी बसायला नव्या गाद्यांची थप्पी दाखवली. ती बसली ती कापसात अशी रुतली की मला नुसती टोपी दिसायला लागली. दुसऱ्या वेळी मी काहीतरी बोलले असते. त्या पोरीचा चेहरा बघून गप्प राहिले. थोरला माल पोचवायला गेला होता. दुकानात मी आणि सून. धाकटा मागे, दार लोटलेलं.

"आजी," ती म्हणाली, "तुम्हाला एक ऐकवायचंय. आणि मग एकच प्रश्न विचारायचाय."

"आधी चहा घ्या."

"नको. आधी ऐका."

तिने मला नीट समजावून सांगितलं. शत्रूची माणसं जवानांच्या घरच्यांचे आवाज गोळा करतात. कोणी कुठे व्हिडिओ टाकलेला असतो, त्यातून थोडासा आवाज मिळाला तरी पुरतो. मग यंत्र त्या आवाजात काय वाटेल ते बोलतं. त्यांनी माझा आवाज सुनेच्या व्हिडिओंमधून उचलला होता.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "म्हणजे माझ्या आवाजात माझ्या पोराला शिव्या घातल्या?"

"नाही," ती म्हणाली आणि आवाज ऐकवायचं छोटं यंत्र काढून लावलं.

माझाच आवाज. तोच घोगरा सूर, वाक्याच्या शेवटी मला लागतो तो दम तोच. "माझ्या राजा," तो आवाज म्हणाला, "हा माझा नवा नंबर. माझा एकटीचा. भावाला सांगू नकोस हं, तो मला चिडवेल. थकलास का रे? तुझ्या आठवणीने मला घास उतरत नाही."

आपणच शेजारच्या खोलीत बसून दुसऱ्याच कोणाचं काळीज घेऊन बोलतोय, असं वाटलं.

तिने पुढचं लावलं. असे कितीतरी निरोप होते, धाकटा तळावर उतरला की त्याला मिळालेले. "झोप लागते का रे वर? गरम जेवण मिळतं का? एवढ्या उंचावर कोण आणून देतं? बिचारा अंधारात चढतो का? पाय घसरेल की रे त्याचा. कुठल्या बाजूने येतो?"

आणि मग माझ्या पोराचा आवाज. खरा. कित्येक वर्षांत मी ऐकला नव्हता असा हलका, लहानपणचा. "काळजी करू नकोस गं आई. गवई आणतो. उजाडायच्या आत. नाल्याच्या बाजूने. तिथून कोणाला दिसत नाही."

अधिकारी पोरीने यंत्र बंद केलं. दुकानात कापसाची धूळ तरंगत होती, तेवढीच हलत होती. आई काय विचारते? जेवलास का, झोपलास का, बरोबर कोण आहे, अंधारात जातोस का. तेच तर त्यांना हवं होतं. आईच्या तोंडून मागितलं आणि मिळालं.

"आता प्रश्न," ती म्हणाली. "तुमच्या मुलाने चौकशीत सांगितलंय की त्याला तो आवाज तुमचाच वाटला. तसं असेल तर तो फसवला गेला. त्याच्या जागी कोणीही फसलं असतं. त्याला उपचार मिळतील, तो परत नोकरीवर जाईल. पण त्याला संशय आला होता आणि तरी तो बोलत राहिला, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सांगा आजी, तुम्ही त्याच्याशी अशाच बोलता का?"

मी आयुष्यात माझ्या पोराला राजा म्हटलेलं नाही. मेल्या म्हटलंय, गाढवा म्हटलंय. ताप आला की कपाळावर हात ठेवलाय आणि म्हटलंय, "पडला का आजारी? ऐन कामाच्या दिवसांत सुचलं." त्या निरोपातलं पहिलं वाक्य ऐकून रस्त्यावरच्या कुत्र्यानेही ओळखलं असतं की ही ती नव्हे.

"हो," मी म्हटलं. "अशीच बोलते."

सुनेच्या हातातली कात्री खाली पडली. अधिकारी पोरीने तिच्याकडे बघितलं.

"हिच्या हातात काही टिकत नाही," मी म्हटलं.

"पण आजी, व्हिडिओंमध्ये तुम्ही..."

"ते गिऱ्हाइकांसाठी. चारचौघांत लेकराचे लाड कोण करतं? घरात मी त्याला राजाच म्हणते. लहानपणापासून."

तिने माझं बोलणं टिपून घेतलं. माझा आवाज परत एका यंत्रात गेला. या खेपेला आवाजही माझा आणि खोटंही माझंच. ती निघाली तेव्हा तिने मागच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "त्याला सांगा, त्याची काही चूक नाही." भली पोरगी. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिने ठेवला.

ती गेली आणि मागचं दार उघडलं. धाकटा येऊन पिंजणयंत्रापाशी उभा राहिला. सुनेला मी डोळ्यांनी बाहेर पिटाळलं.

"खोटं का बोललीस?" तो म्हणाला.

"मग काय खरं बोलू? तुला घेऊन गेले असते."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ती तू नाहीस." तो यंत्राच्या दातांत अडकलेला कापूस उपटत होता, बोटं कापतील याची शुद्ध नव्हती. "पहिला निरोप आला तेव्हा खरं वाटलं. वाटलं, आईला काय झालं, आजारी आहे की काय. दुसऱ्या निरोपात तिने परत विचारलं, थकलास का रे. तेव्हा कळलं. तू कधी विचारलंयस?"

"थकलेला माणूस दिसतो," मी म्हटलं. "त्यात विचारायचं काय?"

तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा. ते हसू मला लागलं.

"मग तिथेच का नाही तोंडावर आपटलास तो फोन?"

"म्हटलं कोणीतरी भामटा असेल, पैसे मागेल. मागितले की बंद करू. तिने मागितलेच नाहीत गं. नुसती विचारायची, जेवलास का. वर कोणाला झोप येत नाही, आई. वारा असा येतो की माणूस हाक मारतोय असं वाटतं. खाली उतरलो की मी ते निरोप ऐकत पडायचो. लगेच डोळा लागायचा."

मी गाद्या भरते. लोकांच्या झोपेवर माझं पोट चालतं. माझ्या पोराला झोपवायला परकी बाई लागली, तीही माझाच आवाज घेऊन.

"आणि तिने जेवण कोण आणतं ते विचारलं तेव्हा?"

त्याने उपटलेला कापूस मुठीत चुरगाळला. मग म्हणाला, "तेव्हा खटकलं. हे विचारायला नको होतं, असं मनात आलं. पण उत्तर दिलं नाही तर ती परत बोलणार नाही, असं वाटलं. म्हणून..." त्याने मान खाली घातली.

त्याचा तो खाली घातलेला चेहरा बघून माझ्या आत काहीतरी फाटलं. उशीचा टाका निसटावा आणि कापूस बाहेर यावा तसं. इतक्या वर्षांत जे आलं नव्हतं ते ओठांवर आलं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "राजा..."

त्याने दोन्ही कान दाबून धरले. मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. "तू नको," म्हणाला. "तू नको म्हणूस ते. आई, तू नको."

मी जिथल्या तिथे थांबले. चोर आवाज घेऊन गेले त्याचं मला एवढं नाही. आवाज माझ्याकडेही उरलाच आहे. त्यांनी शब्द नेले. मी ते कधी वापरले नव्हते. घडी न मोडता ठेवले होते, लागतील कधीतरी म्हणून. आता मी 'राजा' म्हटलं की त्याला नाला दिसणार. ते शब्द आता तिचे झाले, माझ्या आवाजातल्या त्या बाईचे. मला परत मिळायचे नाहीत.

बाहेर थोरल्याचा फोन वाजला. माल पोचवायला जाताना तो इथेच विसरला होता वाटतं. सुनेने उचलला आणि दारातून आत डोकावली. "आई, गवईभाऊजींच्या आई आहेत. नेहमीसारखंच विचारतायत, भाऊजी जेवतात का म्हणून."

तेव्हा मला समजलं, फोन वाजला की धाकटा भिंतीकडे तोंड का करतो ते. ती बाई दर थोड्या दिवसांनी फोन करायची. तिचा पोरगा गेला आणि ती माझ्या पोराच्या जेवणाची चौकशी करते. खरी मऊ बाई, खऱ्या आवाजात, तेच प्रश्न.

"काय सांगू?" सून म्हणाली.

"सांग, आम्हीच येतोय भेटायला."

धाकट्याने मान वर केली. तसाच मागे निघून गेला, आणि फरशीवर आडवा झाल्याचा आवाज आला.

मी माझ्या जागेवर येऊन बसले. अर्धवट शिवलेली गादी पुढ्यात होती. मी दाभण घातलं आणि विचार करत एक कड पुरी केली. घरात सगळे त्याच्याशी कसे बोलत होते? थोरला म्हणतो, मित्र गेला त्यात तुझी काय चूक. सून म्हणते, भाऊजी, तुमचा काही दोष नाही. सैन्यातला डॉक्टर म्हणतो, स्वतःला बोल लावू नका. अधिकारी पोरगी म्हणते, कोणीही फसलं असतं. सगळे गोड. आणि माझा पोरगा गोड बोलणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांकडे बघतो, हा कोण आहे म्हणून. बघेल नाही तर काय? गोड आवाजाने त्याचा मित्र खाल्ला.

मी गादी बाजूला सारली. जागेवरून उठले नाही. छातीत हवा भरून घेतली आणि पूर्वीसारखी हाक मारली, "अरे ए गाढवा! मेलास का तिकडे?"

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने कात्री थांबवून इकडे बघितलं.

मग फरशीवर तळवे टेकल्याचा आवाज.

"ओ," धाकटा म्हणाला. आणि तो आला. मी त्याला दिसतही नव्हते, तरी आला.

माझ्यासमोर जमिनीवर बसला. ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत. सुनेलाही मी आत बोलावलं. जे मी बोलणार होते ते एकट्याने ऐकायचं नव्हतं. आणि मग मी त्याला सांगितलं, मोठ्याने, माझ्याच आवाजात:

"नीट ऐक. चूक तुझी आहे. यंत्राची आहे, या व्हिडिओवालीची आहे, पण तुझीही आहे. माझ्या तोंडाचं काय ते मी बघीन. तुला कळलं होतं आणि तू बोलत राहिलास, आणि त्यात गवई गेला. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, सगळ्यांना तुझी कीव येते. मला येत नाही, मी तुझी आई आहे. उद्या त्या अधिकारी पोरीकडे जायचं आणि मला सांगितलंस ते तिला सांगायचं. मी येणार बरोबर, माझं खोटं मला परत घ्यायचंय. देतील ती शिक्षा घ्यायची. आणि त्याच्या आईकडेही जायचं. ती मऊ आहे, ती तुला क्षमा करेल. ते तुला मारापेक्षा जास्त लागेल, तरी पुढ्यातून उठायचं नाही. आणि आज गादीवर झोपायचं. फरशीवर दिसलास तर याद राख, मेल्या, दुकानाची अब्रू घालवतोस."